उघडून पाहिलेला जोड : बडोद्यातल्या एका शिकाऊ प्लंबरचं प्रकरण

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. वासणा-भायली रस्त्यावरच्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची शेवटची चाचणी चालली होती. टाइल्स लागल्या होत्या, नळ बसायचे होते. सगळ्या तोंडांना प्लग मारून हातपंपाने लाइनीत १० किलोचा दाब भरला. आमच्या धंद्यात किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. काटा दहावर उभा राहिला. चहा पिऊन आलो तर काटा साडेनऊवर. आणखी अर्ध्या तासाने नऊवर. पंपाचा वॉशर, प्लग, गेजखालची टेफ्लॉन टेप, एकेका ठिकाणी वर्तमानपत्राचा कागद लावून पाहिला. कागद कोरडाच. पाणी भिंतीच्या आत जात होतं.

त्या भिंतीतला शेवटचा जोड आमच्या शिकाऊ मुलाने केला होता. संध्याकाळी सहानंतर, एकट्याने.

आमचं प्लंबिंग कंत्राटाचं काम सासऱ्यांनी सुरू केलं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. गेली अठरा वर्षं मोजमापं, बिलं, माणसांचे हिशेब आणि साइटवरची तपासणी माझ्याकडे आहे. पटावर सोळा माणसं. मुलाचं नाव इथे देत नाही. हे लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं, त्याने दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत. तो त्या जोडापर्यंत कसा पोचला ते आधी सांगते.

वाया गेलेले चौदा महिने

मुलगा बडोद्याच्या वाडी भागातला. वाडी, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबं अजून आहेत, आणि यांचं घर त्यातलंच. पणजोबा गायकवाडी अमलात कारकून होते, वडील एका खासगी शाळेत क्लार्क. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. २०२० मध्ये मुलगा दहावी झाला, मार्क बेताचेच. हातात मात्र काहीतरी होतं. घरातला पंखा, मिक्सर, शेजारच्यांची सायकल असं काहीबाही तो खोलून नीट लावून देत असे. त्याने प्लंबर व्हायचं म्हटलं तेव्हा आजी म्हणाल्या, "आपल्या घरात लेखणी चालली, पाना कधी चालला नाही."

आजींचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. बडोद्याच्या मराठी घरांत कारकुनी, मास्तरकी आणि युनिव्हर्सिटी हीच वर जायची शिडी होती, आणि त्या शिडीनेच ही घरं वर आली. पण याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली, तेही हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावं आणि ते त्याच्या भाषेत कळावं यासाठी. त्याच सुमाराला आजव्याच्या तलावाचं काम झालं आणि १८९२ पासून नळाने पाणी शहरात यायला लागलं. जगन्नाथ सदाशिवजी हे त्या कामाचे इंजिनियर. तलाव शहराहून उंचावर, म्हणून पाणी आपल्या उताराने खाली येतं. ज्या शहराने नळ हे राज्यकर्त्याच्या लक्षातलं काम मानलं, तिथे नळ जोडणाऱ्याला कमी लेखावं हे मला पहिल्यापासून खुपतं. मी हे आजींना सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "महाराजांनी शाळा काढली, खरं. नातवाला मुलगी कोण देणार ते सांग."

जानेवारी २०२१ मध्ये मुलगा ओळखीने एका मोठ्या कंत्राटदाराकडे लागला. तिथे सांगितलं, तू अप्रेंटिस. महिन्याला सहा हजार रोख. चौदा महिने त्याने पाइप उचलले, भिंतीत पाइपासाठी झिऱ्या (चर) मारल्या, स्टोअरमधून माल आणला, चलनं पोचवली. मार्च २०२२ मध्ये त्याने प्रमाणपत्राचं विचारलं तेव्हा कळलं की करारच झालेला नाही. सरकारच्या शिकाऊ नोंदणीच्या पोर्टलवर त्याचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही.

इथे नियम सांगणं गरजेचं आहे, कारण या एका गोष्टीपायी दरवर्षी मुलं फसतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्यात शिकाऊ हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याचं सगळं नातं एका लेखी, नोंदलेल्या करारावर उभं असतं. करार नोंदला तर विद्यावेतन ठरतं, कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क येतो, शेवटी परीक्षेला बसता येतं आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. करार नोंदला नाही तर तो मुलगा फक्त कमी पगारावरचा हेल्पर. तोंडी "अप्रेंटिस" या शब्दाला काहीही किंमत नाही. ते चौदा महिने त्याला कुठेच धरता आले नाहीत, आजही येत नाहीत.

त्यानंतर तो सरकारी आयटीआयला गेला. प्लंबर ट्रेडचा कोर्स एक वर्षाचा. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर तो पास होऊन बाहेर पडला.

करार आणि काका

आमच्याकडे तो नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "ताई, करार ऑनलाइन होईल ना?" इतका सावध प्रश्न एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी ऐकून बरंही वाटलं आणि वाईटही.

डिसेंबरपासून एक वर्षाचा करार केला. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हापासून तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. घ्यायचे तर एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. आम्ही सोळा, म्हणजे दोघांपर्यंत घेता आले असते. आयटीआय झालेल्याला तेव्हा कमीत कमी ७,००० रुपये विद्यावेतन होतं. आम्ही ८,००० ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून किमान विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार तेव्हा देत असे. ती रक्कम थेट त्याच्या बँक खात्यात यायची.

वडिलांचा हिशेब वेगळा होता आणि तो खोटा नव्हता. रोजावर हेल्पर म्हणून गेला असता तर महिन्याला बारा हजारांच्या वर सुटले असते. वर्षाचा फरक पन्नास हजारांच्या घरात. क्लार्कच्या घरात ही रक्कम लहान नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की हेल्परला पाच वर्षांनीही हेल्परचाच रोज मिळतो, आणि मुलाला शिकवायची जबाबदारी लेखी माझ्यावर येते. ते सही करून गेले. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

मुलाला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. वय एकसष्ट. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाच्या जमान्यात शिकलेले: शिकंज्यात पाइप धरायचा, डायने आटे पाडायचे, सूत गुंडाळून सफेदा लावायचा. हात इतका सरावलेला की पाना फिरवतानाच आटे बसले की चढले ते त्यांना कळतं. पण ते बोलत नाहीत. स्वतः करून दाखवतात आणि पुढे निघतात. काकांच्या हाताखाली याआधी चार पोरं येऊन गेली, त्यातली दोन कंटाळून गेली.

पहिले तीन महिने मुलाने एकही जोड केला नाही. मापं घेतली, पाइप कापले, ढाळ काढले. ग्राहकांना हे दिसत नाही, पण धंदा इथेच शिकला जातो. आयटीआयत त्याने मिलिमीटर शिकलेले, साइटवर सगळे सूत बोलतात: इंचाचे आठ सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. त्यातून पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप मोजला तर बाहेरून २२.२ मिलिमीटर भरतो आणि पाऊण इंची जीआय पाइप २६.९ च्या आसपास. मुलगा टेप घेऊन दोन्हींकडे बघत बसला. काका म्हणाले, "पाऊण हे माप नाही रे, नाव आहे. माणसाचं नाव भीमराव असलं म्हणून तो उंच असतो का?" आठवड्यात काकांच्या तोंडून निघालेलं ते सर्वांत लांब वाक्य असावं.

सांडपाण्याच्या ढाळाचा हिशेब मात्र त्यांनी पाठच करून घेतला. चार इंचीला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. चार इंची लाइन दहा फूट न्यायची तर तीन इंच उतार. कमी दिला तर मैला बसतो. फार जास्त देऊनही चालत नाही, पाणी धावत सुटतं आणि घाण मागे राहते असं काका सांगतात. समपातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खूण करायची, त्यातले बुडबुडे आधी काढायचे. एकदा त्याने बुडबुडा तसाच ठेवला आणि पंधरा फुटांवर ढाळ उलटा निघाला. चेंबर अजून उघडंच होतं, म्हणून अर्ध्या दिवसात निभावलं.

भिंतीच्या आत

आता त्या बाथरूमकडे येते.

लाइन टाकून झाल्यावर, प्लॅस्टरच्या आधी, काकांनी रीतसर चाचणी घेतली होती. १० किलोवर रात्रभर काटा हलला नव्हता. मग घरमालकांनी गिझर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायला सांगितला. त्यासाठी चालू लाइन कापून एक एल्बो (कोपऱ्याचा जोडतुकडा) आणि दोन हात पाइप वाढवायचा होता. काका दुसऱ्या साइटला निघाले होते. मुलाला म्हणाले, "जोडून ठेव, सकाळी बघतो." सकाळी काका येण्याआधी गवंड्याने झिरी भरून टाकली, कारण टाइलवाल्याला मी त्या दिवशीची वेळ दिली होती. फेरचाचणी राहिली. कोणीच विचारलं नाही, मीही नाही.

गळती सापडल्यावर मला वाटलं होतं की काका स्वतः फोडतील आणि तासाभरात निपटवतील. त्यांनी छिन्नी-हातोडा मुलापुढे ठेवला आणि एका उलट्या बादलीवर बसले. "कुठे आहे ते आधी सांग. मग फोड. एकच टाइल फोडायची."

मुलाने वॉल मिक्सरपासून लाइनीचे तुकडे पाडत शोध घेतला. थंड पाण्याची बाजू बंद केली तरी काटा उतरतो. गरम पाण्याची बाजू तोडली तर उभा राहतो. म्हणजे गरम लाइन. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक टाइलला टेकवून मूठ कानाशी लावली आणि भिंतभर फिरला. पंप भरलेला, खोलीत सगळे गप्प. शॉवरच्या खाली दीड फुटावर तो थांबला. "इथे सूऽ असं येतंय." मग स्वतःच म्हणाला, "तो माझा एल्बो आहे."

टाइल फोडली. एल्बोच्या गळ्याशी केसाएवढी धार होती, १० किलोच्या दाबाखाली ती समोरच्या टाइलपर्यंत उडत होती. गच्चीवरची टाकी तिथून सहा-सात मीटर वर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब पडतो, म्हणजे रोजच्या वापरात त्या जोडावर पाऊण किलोही आला नसता. धार दिसलीच नसती. नुसता पाझर राहिला असता, आणि सहा-आठ महिन्यांनी शेजारच्या खोलीचा रंग फुगला असता. चाचणी रोजच्याहून इतक्या जास्त दाबावर का घ्यायची याचं इतकं स्वच्छ उत्तर मी आजवर कोणत्याही वर्गात ऐकलेलं नाही.

सीपीव्हीसीचा जोड पाना लावून सुटत नाही. सोल्युशनने (चिकटवायच्या द्रावाने) पाइप आणि फिटिंगचा प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळून एकजीव होतो. तो कापूनच काढावा लागतो. मुलाने दोन्ही बाजूंनी कापून एल्बो काढला, कपलर (सरळ जोडतुकडा) घालून नवा जोड केला. आम्ही निघायला लागलो तेव्हा काकांनी तो कापलेला एल्बो शिकंज्यात धरला आणि हॅकसॉ मुलाच्या हातात दिली. "उभा काप."

कापला. दोन अर्धुकं हातात आली. मी आजपर्यंत हजारो जोडांची बिलं केली, पण जोड आतून कधी पाहिला नव्हता. पाइपाचं टोक तिरकं कापलेलं. आतली-बाहेरची कड घासलेली नव्हती, त्यामुळे पाइप आत सरकताना कडेने सोल्युशन खरवडून पुढे लोटलं होतं. एका अंगाला त्याची उंचच उंच घडी साचलेली, दुसऱ्या अंगाला बोटभर लांबीचा कोरडा पट्टा. पाइप बुडापर्यंत पोचलाच नव्हता, दोन सूत अलीकडे थांबलेला. पाइप घातल्यावर पाव वेढा फिरवून दहा-वीस सेकंद दाबून धरायचा असतो, नाहीतर तो आपोआप मागे सरकतो. ते झालं नव्हतं. चारही चुका त्या अर्धुकात लिहिल्यासारख्या दिसत होत्या.

मुलगा बराच वेळ ते हातात घेऊन उभा होता. काका रागावले नाहीत. म्हणाले, "मलाही कोणी कापून दाखवलं नव्हतं. जीआयचा जोड सुटतो, बघता येतो. हा प्लास्टिकचा आत काय करतो ते मलाही असंच कळलं."

पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी भंगारातल्या तुकड्यांवर पाच जोड करायचे, एक दिवस वाळू द्यायचे आणि उभे कापायचे असा शिरस्ता पडला. मुलाने प्रत्येक अर्धुकावर मार्करने तारीख घातली आणि ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. पहिल्या आठवड्यातल्या तुकड्यांत कोरडे पट्टे दिसतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कड सारखी, तोंडाशी सोल्युशनचा सलग बारीक गोफ, आतला पृष्ठभाग एकसंध. तो डबा आता आमच्या स्टोअरमध्ये असतो.

खर्चाचं सांगते, कारण कंत्राटदार हे वाचतील तर पहिला प्रश्न तोच असेल. टाइल, टाइलवाल्याचा परत रोज, काकांचा अर्धा दिवस, भंगारातले फिटिंग आणि सोल्युशन मिळून साधारण पाच हजार रुपये गेले. काकांनी स्वतः फोडून दुरुस्त केलं असतं तर दोन हजारांत भागलं असतं. वरचे तीन हजार हा शिकवण्याचा खर्च. माझं ठाम मत आहे की तो खर्च करायची तयारी नसेल त्याने शिकाऊ घेऊ नये. चूक मिस्त्रीने गुपचूप सावरली की साइट वाचते आणि मुलगा होता तिथेच राहतो. तो चुकणारच. चुकलेला जोड त्याच्या हातात परत आला का, आणि तो उघडून बघायला त्याला वेळ मिळाला का, यावर त्याचं वर्ष ठरतं.

चूक त्याची एकट्याची नव्हती. काका निघून गेले, मी टाइलवाल्याची घाई केली, आणि आमच्या चाचणीच्या वहीत "लाइन पुन्हा कापली का" हा रकानाच नव्हता. आता आहे.

"पोरगा बारीक आहे, उतरेल"

जूनमधला एक प्रसंग थोडक्यात. एका सोसायटीत सेप्टिक टँक तुंबली होती. मुलगा आमच्या एका हेल्परबरोबर बाहेरची लाइन बघायला गेला होता. सोसायटीचे एक गृहस्थ त्याला म्हणाले, पोरगा बारीक आहे, उतरेल, वरून पाचशे देतो. त्याने मला फोन केला. मी त्याला झाकणापासून दूर उभं राहायला सांगितलं आणि स्वतः गेले.

२०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. आतला वायू नाकाला थोडा वेळ कळतो, मग वास येणंच बंद होतं आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही कोसळतो. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. मी त्या गृहस्थांना एवढंच सांगितलं आणि सक्शनची गाडी बोलवायला लावली. शिकाऊ मुलाला नाही म्हणायचा अधिकार आहे हे त्याला करार करतानाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नव्हतं. त्याने फोन केला म्हणून.

विश्वामित्रीचं पाणी

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. ते दिवस बडोद्यातल्या कोणाला सांगायला नकोत. कारेलीबाग, समा, फतेगंज, अकोटा, तळमजलेच्या तळमजले पाण्यात; वस्त्यांत मगरी शिरल्या. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे एका दिवसात चाळीस-एक फोन आले, आणि जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच: जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी गेलंय.

काम ठरलेलं होतं. वीज तपासल्याशिवाय पंप चालू करायचा नाही. टाकी उपसायची, घासायची, दोनदा धुवायची. मग भरून त्यात ब्लीचिंग पावडर: १,००० लिटरला १५० ग्रॅम, आधी बादलीत पातळ कालवून. पंपाने वरच्या टाकीत चढवायचं, प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, मग बंद करून तीन-चार तास तसंच ठेवायचं, सगळं सोडून द्यायचं आणि ताजं पाणी भरायचं. कारेलीबागेतल्या एका बंगल्यात मुलाने खडूने भिंतीवर हिशेब मांडला: सहा बाय आठ बाय पाच फूट, २४० घनफूट, घनफुटाला २८.३ लिटर, म्हणजे जवळपास ६,८०० लिटर; पावडर एक किलोच्या जरा वर. घरातल्या आजोबांनी चष्मा लावून तो हिशेब तपासला आणि मान हलवली. आयटीआयतल्या वर्कशॉप कॅल्क्युलेशनचा मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आदर वाटला.

त्याच बंगल्यात पुढचं घडलं. मुलगा उतरून टाकी घासत होता. ही साधी पाण्याची टाकी, उघडी आणि हवेशीर. काका वर उभे. त्याने आतून विचारलं, "काका, पुराचं पाणी झाकणाच्या खालीच राहिलंय, भिंतीवर खूण आहे. मग टाकीत घाण आली कुठून?" बाहेर येऊन त्याने ओव्हरफ्लोचा पाइप धरून माग काढला. तो पाइप जमिनीखालून थेट गटाराच्या चेंबरला जोडलेला होता. शहराची गटारलाइन भरून उलटी आली तेव्हा त्याच पाइपाने मैलापाणी पिण्याच्या टाकीत उतरलं. ओव्हरफ्लोचं तोंड कधीही मोरीला वा चेंबरला जोडायचं नसतं. मध्ये हवेची जागा सोडून वर उघड्यावर पाडायचं असतं. पुस्तकात हे एका ओळीत असतं.

मी कपाटातून जुनी फाइल काढायला लावली नाही, गरजच नव्हती. ती लाइन २०११ मध्ये आमच्याच माणसांनी टाकली होती, आणि काकांना ते आठवत होतं. घरमालकांना तेव्हा बागेत पाणी सांडायला नको होतं, म्हणून जोडून दिलं होतं. काका मुलाकडे बघून म्हणाले, "पाना दे." तो पाइप त्यांनी स्वतः कापला, ओव्हरफ्लो जमिनीच्या वर आणला, तोंडाला डासांची जाळी लावली. त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. मी घरमालकांना कारण सांगितलं. जरा अवघड गेलं.

त्या बंगल्यातल्या मोरीच्या जमिनीतलं पाणी जायचं तोंड, म्हणजे नहाणी ट्रॅप, त्यातूनही पाणी उलटं आलं होतं. मुलाने विचारलं, गटाराकडे जाणाऱ्या लाइनीला एकतर्फी व्हॉल्व्ह बसवला तर? काकांनी त्याला विचार करायला लावलं: व्हॉल्व्ह मिटलेला असताना घरातलं पाणी कुठे जाईल? दोन दिवसांनी मुलगा उत्तर घेऊन आला की व्हॉल्व्ह बसवायचा, पण पूर असेपर्यंत तळमजल्याचा संडास-मोरी वापरायची नाही, आणि वरच्या मजल्याची लाइन वेगळी न्यायची. तसं नऊ घरांत करून दिलं.

परीक्षा

डिसेंबरमध्ये करार संपला. पुढे परीक्षा झाली, लेखी संगणकावर आणि वेगळं प्रात्यक्षिक. तो पास झाला, प्रमाणपत्र आलं. प्रात्यक्षिकाची मला काळजी नव्हती. नकाशा वाचण्यात मात्र तो कच्चा राहिला, आणि ती उणीव आमची. काका नकाशा बघत नाहीत, भिंत बघतात. मी नकाशे बघते, पण वर्षभरात त्याला शेजारी बसवून दोनदाच दाखवले. कामाची रोजची नोंदवही शिकाऊने लिहायची असते. पहिल्या तीन महिन्यांची पानं आम्ही एका बैठकीत आठवून आठवून भरली. ते बरोबर नव्हतं.

करार संपला म्हणजे नोकरी द्यायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. आम्ही त्याला ठेवायला तयार होतो. त्याने मकरपुऱ्याच्या बाजूला एका कारखान्यातली देखभाल विभागाची जागा घेतली; पगार आमच्यापेक्षा जास्त, सुट्टी ठरलेली. काकांना लागलं ते. आठवडाभर ते त्या डब्याकडे बघत नव्हते. वडिलांनी स्थळांसाठी माहिती लिहिली त्यात "पाइपिंग टेक्निशियन" असं घातलं होतं. मुलाने ते खोडून "प्लंबर" लिहिलं, आणि आजींनी त्याचीच बाजू घेतली असं तो सांगत होता. त्याने मला सुचवलेल्या दोन दुरुस्त्यांपैकी एक हीच. दुसरी, एल्बोत चार चुका होत्या. मी तीनच लिहिल्या होत्या.

यंदा दोन मुलांचे अर्ज आहेत, त्यातली एक मुलगी आहे, आयटीआयला पहिल्या पाचात आलेली. नियमाने दोघांना घेता येईल. काकांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, एकाच्या चुका मला पुरतात. दोघांच्या चुका उघडायला संध्याकाळ पुरणार नाही." मी मुलीचा करार नोंदवला आहे. दुसऱ्या मुलाला पुढच्या वर्षी ये म्हणून सांगितलं, आणि दरम्यान कुठेही लागलास तर आधी करार क्रमांक माग, हेही सांगितलं.